नमाजाच्या वेळा व खानदेशचें आकाश

इ. स. १९८४ चा जून महिना होता. धुळ्यास पांझरेच्या पलीकडे नव्यानें वसलेल्या एका वस्तींत आम्ही भाड्यानें राहत होतों, आणि संस्कृताचे शिक्षक म्हणून शाळेंत नुकतेच रुजू झालों होतों. त्या वर्षीं रमजान ऐन जूनांत आला होता. शेजारीं शिवणकाम करणारे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहत. सारी आळी त्यांस चाचा म्हणे. एके दिवशीं ते हातांत एक छापील कागद घेऊन आमच्या ओट्याशीं आले. त्यांत महिनाभराच्या सहरीच्या व इफ्तारच्या, म्हणजे पहांटे खाणें थांबविण्याच्या आणि सायंकाळीं रोजा सोडण्याच्या, वेळा दिल्या होत्या. तो कागद त्यांच्या पुतण्यानें जळगांवाहून आणला होता. मशीद वस्तीपासून दूर, तेथील अजान कानीं पडत नसे. म्हणून कागदाचाच आधार.

"गुरुजी, तुम्ही पंचांग जाणणारे. हे जळगावचं पत्रक धुळ्यात चालेल का?"

आम्ही तरुण होतों आणि उत्तर देण्याची घाई होती. "चाचा, जळगाव अन् धुळं म्हणजे घर आणि ओटा. दोनतीन मिनिटांनी काय बिघडतं?"

चाचा हंसले. "तुमच्या आईसाहेब द्वादशीचं पारणं पंचांग बघून सोडतात, हे मी दर पंधरवड्याला इथूनच बघतो. दोनतीन मिनिटांनी काय बिघडतं, हे त्यांनाच विचारून सांगा."

मातोश्री आंतून ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. खुंटीवरचें पंचांग काढून आमच्या पुढें ठेवलें आणि आंत गेल्या. त्या रात्रीं आम्हीं कंदील घेऊन जें गणित केलें, त्यांतूनच पुढें नमाजाच्या वेळांचा हा छंद आम्हांस जडला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घराजवळ मशीद असेल, पांच वेळां अजान कानीं येत असेल. परंतु ती आज या वेळेस व महिन्यानें त्या वेळेस कां, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं.

प्रथम चाचांचा प्रश्न. जळगांवचे रेखांश सुमारें ७५ अंश ३४ कला पूर्व, धुळ्याचे ७४ अंश ४७ कला. पृथ्वीस एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात, म्हणून ४७ कलांस तीन मिनिटें व वर कांहीं सेकंद. जळगांवीं २१ जूनच्या सुमारास सूर्य ७ वाजून १२ मिनिटांनीं मावळतो, धुळ्यास ७ वाजून १५ मिनिटांनीं. जळगांवचा कागद धुळ्यास वापरला तर पहांटे तीन मिनिटें आधीं तोंड धुतलें जाईल. त्यांत दोष कांहींच नाहीं. सायंकाळीं मात्र अनर्थ. त्या ऋतूंत आपल्याकडे सूर्यबिंब क्षितिजाखालीं जावयास अडीच मिनिटें लागतात. अर्थात् जळगांवच्या कागदाप्रमाणें चाचांनीं खजूर तोंडांत घातला त्या क्षणीं धुळ्याच्या क्षितिजावर सबंध बिंब अजून उभें! पहांटे ४ वाजून २५ मिनिटांपासून जूनच्या उन्हांत पाण्याचा थेंबही न घेतां पाळलेला चौदा तास पन्नास मिनिटांचा रोजा शेवटच्या तीन मिनिटांत व्यर्थ जावयाचा. उलट धुळ्याचा कागद जळगांवीं नेला तर सायंकाळ निर्दोष, पण सहरीचा शेवटचा घांस पहांट फुटल्यावर पोटांत जाणार.

आमच्या सिद्धान्तग्रंथांत या संस्कारास देशांतर असें नांव आहे. आमच्या ज्योतिष्यांची मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून जाते, आणि जळगांव तिच्यापासून मिनिटभराच्याही अंतरावर नाहीं. अरब ज्योतिषीही उज्जयिनीस 'अरीन' म्हणून ओळखत. १९०६ सालापासून सरकारी घड्याळ ८२॥ अंशांवर लागलें, त्यामुळें आपल्याकडे घड्याळांत बारा वाजतात तेव्हां सूर्य अजून मध्यान्हास यावयाचा असतो. जळगांवीं खरा मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभीं १२ वाजून ११ मिनिटांनीं येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास १२ वाजून ४२ मिनिटांनीं. सूर्याची गति वर्षभर सारखी भासत नाहीं, म्हणून हा अर्ध्या तासाचा झोंका. जुहरची नमाज मध्यान्ह कलल्यावर, म्हणून तिचा आरंभही असाच झोंके घेतो.

आतां पांच वेळा. फजरचा काळ खऱ्या पहांटेपासून सूर्योदयापर्यंत. 'खऱ्या' म्हणण्याचें कारण, तिच्याही पूर्वीं पूर्वेस एक उभा फिकट पट्टा कधीं कधीं दिसतो व विरून जातो. ती खोटी पहांट. नंतर क्षितिजालगत जो आडवा उजेड पसरतो तो खरा. आपल्याकडील बहुतेक पत्रकांत सूर्य क्षितिजाखालीं अठरा अंशांवर आला म्हणजे पहांट झाली असें धरतात. खानदेशांत तेव्हांपासून सूर्योदयास मार्चमध्यें सुमारें ७४ मिनिटें लागतात, जूनमध्यें ८५. म्हणजे तीन ते साडेतीन घटिका. आमच्या स्मृतिकारांचा अरुणोदय चार घटिकांचा. दोन निरनिराळ्या परंपरांतील लोकांनीं निरनिराळ्या देशांत पहांटेस जागून पाहिलें आणि दोघांचे आंकडे इतके जवळ आले, हें आम्हांस फार मनोहर वाटतें.

मगरिब सूर्यास्ताबरोबर, इशा संधिप्रकाश संपल्यावर. सातपुड्याच्या पायथ्याशीं वा अजिंठ्याच्या डोंगराखालीं राहणारानें सूर्य डोंगराआड गेला कीं मावळला असें समजूं नये, एवढेंच येथें सांगून पुढें जातों. कारण गणिताची खरी गोडी असरमध्यें आहे.

असर म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज. तिचा आरंभ सावलीनें ठरतो. अंगणांत बारा अंगुलांची काठी उभी करा. मध्यान्हीं तिची जी लहानांत लहान सावली पडेल ती बाजूस ठेवा. पुढें सावली तिच्याहून काठीच्या उंचीइतकी वाढली म्हणजे शाफई पंथाची असर लागली, उंचीच्या दुप्पट वाढली म्हणजे हनफी पंथाची. खानदेशांतील बहुतेक मुसलमान हनफी, कोंकणांतील शाफई. त्यामुळें एकाच महाराष्ट्रांत असरच्या दोन वेळा आहेत, व त्यांतील अंतरही सारखें राहत नाहीं. जळगांवीं डिसेंबरांत शाफई असर ३॥ वाजतां तर हनफी ४। वाजतां, पाऊण तासाचा फरक. जूनांत ३ वाजून ५० मिनिटें आणि ५ वाजून ८ मिनिटें; सव्वा तासाहून अधिक. यावर कोणी हंसूं लागेल तर त्यानें आपल्याच पंचांगांत स्मार्त एकादशी एके दिवशीं व भागवत एकादशी दुसरे दिवशीं कां येते तें पाहावें. तेथेंही वाद सूर्याविषयीं नाहीं. दशमीचा वेध सूर्योदयीं मोजावा कीं अरुणोदयीं, एवढाच आहे.

ही जी बाजूस ठेवलेली मध्यान्हछाया, तिच्याशीं आमचा जुना परिचय आहे. विषुवदिनीं बारा अंगुलांच्या शंकूची मध्यान्हछाया म्हणजे पलभा. ग्रहलाघव शिकलेल्या प्रत्येकानें ती घोकलेली असते. जळगांवची पलभा ४ अंगुलें ३६ व्यंगुलें. पलभेवरून चर निघतें, चरावरून दिनमान. आमच्याकडे दिनमान जूनांत १३ तास २५ मिनिटें, डिसेंबरांत १० तास ५१ मिनिटें. शाळेच्या आवारांत मुलांकडून हा प्रयोग आम्हीं अनेक वर्षें करवून घेतला. पंचविशीच्या सुमारास, म्हणजे २५-२६ मे रोजीं, मध्यान्हीं काठीस सावलीच उरत नाहीं. जुलईच्या १८ तारखेच्या सुमारासही असेंच होतें, पण तेव्हां मेघ सूर्य दिसूं देत नाहींत. या दोन तारखांच्या मध्यंतरीं मध्यान्हछाया दक्षिणेकडे पडते, हें पाहून मुलांना फार नवल वाटे.

आणि येथेंच खानदेशचें एक वैशिष्ट्य आहे. मक्केचे अक्षांश २१ अंश २५ कला, जळगांवचे २१ अंश १ कला! दोन्ही ठिकाणें जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. मक्केच्या माथ्यावर सूर्य २७-२८ मे रोजीं येतो. आमच्या माथ्यावर दोन दिवस आधीं. दिनमान तेंच, सावलीची वाढ तीच, पहांटेची लांबीही तीच. जळगांवच्या नमाजाचें वेळापत्रक दोन तास तेवीस मिनिटें पुढें सरकविलें म्हणजे मक्केचें झालें असें म्हणावयास हरकत नाहीं. अरबस्तानांतील सावल्या पाहून जे नियम बांधले गेले, ते खानदेशच्या अंगणांत काडीमात्र न ओढतां बसतात.

एकच अक्षवृत्त, तेव्हां काबा ठीक पश्चिमेस असेल असें कोणासही वाटेल. पण गोलावर सर्वांत जवळची वाट अक्षवृत्तावरून जात नाहीं. येथून ती पश्चिमेच्या सात अंश उत्तरेकडे निघते. २८ मे रोजीं आपल्या घड्याळाच्या २ वाजून ४८ मिनिटांनीं सूर्य काब्याच्या माथ्यावर असतो. त्या क्षणीं सूर्याकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे किब्ला सांपडला. यंत्र नको, नकाशा नको. दिशा, देश आणि काल हे तीन प्रश्न ज्यांत सोडविले जातात त्या प्रकरणास आमच्या ग्रंथकारांनीं त्रिप्रश्नाधिकार म्हटलें आहे. मुसलमान ज्योतिष्यांसमोरही नेमके हेच तीन प्रश्न होते.

साधनेंही पुष्कळशीं तींच. आठव्या शतकांत खलिफा मन्सूर याच्या वेळीं भारतीय सिद्धान्त बगदादेस पोंचला, त्याचें अरबी रूपांतर झालें, आणि शंकूचे बारा भाग करण्याची आमची रीतही तिकडे रूढ झाली. आमची 'ज्या' तिकडे 'जीब' झाली. अल्बीरूनीनें सावल्यांवरच एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढें मोठ्या मशिदींत वेळ ठरविण्यासाठीं पगारी ज्योतिषी नेमूं लागले. दमास्कसच्या मशिदींतील इब्न अश्शातिर हा चौदाव्या शतकांतील थोर ज्योतिषी याच हुद्यावर होता. इकडे आमच्या चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा, तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख आहे. तापीच्या कांठीं बऱ्हाणपुरास, खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या राजधानींत, जामा मशिदींत अरबीबरोबर एक संस्कृत लेखही कोरलेला आहे. शके १५११, पौष शुक्ल पक्ष, आणि तिथि व नक्षत्र घटिकांसह! मशिदीच्या भिंतीवर पंचांग पाहावयाचें असेल त्यानें बऱ्हाणपुरास जावें.

एक भेद मात्र मोठा आहे, आणि तो सांगितल्यावांचून लेख पुरा व्हावयाचा नाहीं. आमची संध्या संधीवर. सूर्योदयीं, मध्यान्हीं, सूर्यास्तीं आम्ही सूर्यासच अर्घ्य देतों. नमाजास नेमके तेच तीन क्षण वर्ज्य आहेत. बिंब उगवत असतां, माथ्यावर असतां, मावळत असतां मुसलमान थांबतो, कारण आपण सूर्याची पूजा करीत आहों असा भास कोणासही होऊं नये. आम्ही ज्यास वंदन करतों त्यास तो केवळ घड्याळ मानतो. परंतु घड्याळ म्हणूनही त्याच्याकडे इतक्या बारकाईनें पाहणारे लोक आतां दोन्हींकडे थोडेच राहिले आहेत; आमच्या घरांतलीं मुलें सूर्यास्त मोबाइलवर पाहतात.

उत्तरेकडे गेलें म्हणजे ही सोय सरते. आमचा एक भाचा लंडनास असतो. तेथें जूनांत मध्यरात्रींही सूर्य क्षितिजाखालीं पंधरा अंशांपलीकडे जात नाहीं. म्हणजे अठरा अंशांची इशा लागतच नाहीं. व्होल्गाकांठच्या बुल्गार शहराविषयीं हनफी शास्त्र्यांत हा वाद शेंकडों वर्षांपूर्वीं झाला. कांहींच्या मतें जिचा काळच येत नाहीं ती नमाज लागू होत नाहीं. इतरांच्या मतें काळाचा अंदाज करून ती पढावी. भाच्यास आम्हीं विचारलें कीं तूं सायंसंध्या केव्हां करतोस. त्यानें विषय बदलला.

असो. त्या रात्रीच्या गणितांत आमची दुसरी फजिती झाली, ती सांगावयाची राहिली. मातोश्रींनीं पुढें ठेवलेलें पंचांग मुंबईचें होतें. मुंबईहून धुळें पूर्वेस, तसें उत्तरेसही. देशांतराचीं साडेसात मिनिटें आणि जूनांतील चराचीं साडेतीन मिळून धुळ्याचा सूर्योदय मुंबईच्या अकरा मिनिटें आधीं. आमच्या घरांत आजवर पारण्यास मुंबईचा सूर्योदय धरला जात होता, आणि संस्कृताच्या मास्तरास त्याचा पत्ता नव्हता! सकाळीं चाचांच्या कागदावर 'धुळ्याकरितां तीन मिनिटें मिळवावीं' असें शिसपेन्सिलीनें लिहून दिलें. त्यांनीं सावधगिरीसाठीं आणखी एक मिनिट आपणच मिळविलें. मग पंचांग घेऊन मातोश्रींकडे गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "मग इतके दिवस आपण उशिरा सोडलं, का आधी?"

उशिरा, म्हणून सांगितलें. "मग उपास मोडला नाही," असें म्हणून त्या दळणास बसल्या.

ईदेच्या दिवशीं चाचांकडून कोऱ्या शेवया व साखर आली. आमच्या सोवळ्याचा विचार करून त्यांनीं शिजविलेलें कांहीं पाठविलें नव्हतें.