बातम्यांच्या गलबल्यात

स्मरणिकेच्या संपादकांचा याही वर्षी फोन आला. "डॉक्टरसाहेब, या वेळी मधुमेह नको, रक्तदाबही नको. राजकारण, सिनेमा, बातम्या, काहीही चालेल, पण हलकेफुलके लिहा." 'काहीही चालेल' असे सांगणे म्हणजे पथ्य न सांगता रुग्णाला घरी पाठवण्यासारखेच. तरी होकार दिला आणि लिहावयास बसलो. लेख कितपत हलका उतरला, हे वाचकांनीच ठरवावे.

राजकारणापासून आरंभ करतो. आम्ही बालाघाटचे मराठी लोक म्हणजे राजकारणाने सीमेवर बसवलेली माणसे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बालाघाट होते तेथेच राहिले. वडील गमतीने म्हणत, "आपण कोठेच गेलो नाही, राजधानी तेवढी उठून गेली." तेव्हापासून आमचे आमदार भोपाळला जातात आणि अत्यवस्थ रुग्ण नागपूरला. पुण्याकडील नातेवाइकांना बालाघाट म्हटले की अजूनही मराठवाड्यातील डोंगररांगच आठवते. "म्हणजे बीडजवळच ना?" या प्रश्नाला वैनगंगेचा पत्ता सांगता सांगता माझे केस पांढरे झाले.

वर्तमानपत्राची कथाही अशीच. माझ्या लहानपणी नागपूरचे मराठी दैनिक गोंदियाहून अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीने येई. गाडीला उशीर झाला की बातमीलाही उशीर होई. सकाळचे वर्तमानपत्र वडील संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, अग्रलेखासकट वाचून काढीत. एकेक बातमी पाहुण्यासारखी दोन दिवस घरात मुक्काम करी. आता छोटी लाइन इतिहासजमा झाली, मोठ्या रुळांवरून मोठ्या गाड्या धावतात आणि बातमी तर खिशातच वाजते. ती येते आणि जाते, मुक्काम करीत नाही.

बाहेरच्या जगाच्या बातम्यांत आमचा जिल्हा ठरावीक निमित्तांनीच येतो. कान्हाचा वाघ, मलाजखंडचे तांबे, भरवेलीचे मँगनीज, नाहीतर नक्षली हिंसा. 15 डिसेंबर 1999 रोजी राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यातील त्यांच्या गावी हत्या झाली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी आमचे नाव पहिल्या पानावर छापले. त्यानंतर कितीतरी दिवस परगावचे मित्र मला, "तुम्ही तिकडे राहता तरी कसे?" असे विचारीत. आमच्या भातशेतीबद्दल, गणेशोत्सवाबद्दल, हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी एकाच बाजारात बोलणाऱ्या माणसांबद्दल कोणी काही विचारीत नसे. संपूर्ण जिल्ह्याचे निदान एका ओळीत उरकणाऱ्या बातमीदारांचा मला फार राग येई. तो राग करण्याचा अधिकार मला कितपत होता, हे पुढे कळले.

2004 सालची गोष्ट. प्रतीक्षा करणाऱ्यांचा वेळ जावा म्हणून दवाखान्यात मी नुकताच टीव्ही बसवला होता. 13 मे रोजी लोकसभेची मतमोजणी होती. 'इंडिया शायनिंग'च्या जाहिरातींनी डोळे दिपलेल्या पंडितांचे अंदाज एकामागून एक कोसळत होते, बाहेरच्या बाकावर रुग्ण आपले दुखणे विसरून वाद घालीत होते आणि माझाही एक कान तिकडेच होता. अशा वेळी बैहरकडची एक बाई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आत आली. दोन महिन्यांतली ही त्यांची तिसरी खेप. मुलगा हातपाय आवळून रडत होता. त्याचे एकच म्हणणे, "साहब, हड्डी फूटती है." एक्स-रे स्वच्छ होता. रक्त कमी होते, पण हिवतापाच्या या मुलखात कमी रक्ताचे उत्तर आम्हाला तोंडपाठ असते. मी वेदनाशामक औषध आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मनात असेही आले की पोर शाळा चुकवण्यासाठी थोडे सोंग करीत असावे. जाता जाता आई म्हणाली, "इसका बड़ा भाई भी ऐसाच रोते-रोते चला गया." आमच्याकडची तरुण मुले मजुरीसाठी नागपूर-हैदराबादला जातात. मोठाही तसाच कोठेतरी गेला असेल, असे समजून मी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. संध्याकाळी वाजपेयींनी राजीनामा दिला. रात्री उशिरापर्यंत आम्ही मित्रमंडळी त्या निकालाची चिकित्सा करीत बसलो होतो.

सप्टेंबरात तो मुलगा पुन्हा आला, ताप, छातीत कळा आणि धाप घेऊन. त्याला तातडीने नागपूरला पाठवले. तेथे हिमोग्लोबिनची तपासणी झाली आणि सिकलसेलचे निदान झाले. सुदैवाने तो वाचला. तेथून आलेल्या पत्रात शेवटी लिहिले होते की, थोरला भाऊ अशाच दुखण्याने दगावल्याचे आई सांगते. ते वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. तिने हे मला मे महिन्यातच सांगितले होते. 'चला गया' या दोन शब्दांचा अर्थ लावण्यास मला अर्धे मिनिट पुरले असते. ते अर्धे मिनिट मी मतमोजणीला दिले होते.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. सिकलसेल हा रक्तातील आनुवंशिक दोष आहे. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. उन्हाने अंगातले पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा जंतुसंसर्ग झाला की हा त्रास उफाळतो. एक्स-रेत त्या वेळी काहीच न दिसणे शक्य असते, म्हणून मुलगा खोटे बोलतो असे समजू नये. दोष एकाच पालकाकडून आला तर मूल केवळ वाहक होते. तो आजार नव्हे. मात्र आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

त्याच वर्षी 'श्वास' पाहिला. 'श्यामची आई'ला 1954 साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, त्यानंतर पन्नास वर्षांनी तो मान मराठीला मिळवून देणारा हा चित्रपट. डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावणाऱ्या नातवासाठी सगळे प्रेक्षागृह रडत होते. माझी नजर मात्र संदीप कुलकर्णींनी साकारलेल्या डॉ. सान्यांवरून हलेना. माणूस कुशल, सज्जन, पण सदा घाईत. कोकणातून आलेल्या आजोबांना काहीतरी सांगायचे आहे आणि डॉक्टरांकडे वेळ नाही. 'आनंद' मधील रमेश देवांचे डॉ. कुलकर्णी पाहून आपण हसतो, कारण श्रीमंतांच्या काल्पनिक दुखण्यांवर ते गोळ्या देतात. खरे दुखणे काल्पनिक समजणाऱ्या डॉक्टरवर मात्र हसता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रतीक्षागृहातला टीव्ही काढून घरी नेला. कंपाउंडरला वाटले, वीजबिल वाढले असावे.

पुढे 1 जुलै 2023 रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा शुभारंभ केला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट. ज्या शब्दासाठी एका आईला नागपूर गाठावे लागले, तो शब्द देशभरच्या मथळ्यांत आलेला पाहून बरे वाटले. पण अभियान सरकारचे असले तरी खुर्चीत बसून ऐकणे आपलेच काम आहे. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच विनंती. हातपाय दुखणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला, "घरात आणखी कोणाला असे होते, किंवा होत असे का?" हे विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत लेखणी उचलू नका. समाजबांधवांनाही विनंती, की विवाहापूर्वी वधू-वर दोघांचीही तपासणी करा आणि वाहक आहे म्हणून एकट्या मुलीला दोष देऊ नका.

तो मुलगा आता तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. औषधे नियमित घेतो आणि दुकानात हिशेब लिहितो. लग्न ठरत असताना तो भावी वधूला आणि तिच्या वडिलांना घेऊन स्वतः माझ्याकडे आला होता. म्हणाला, "साहेब, यांना आधी सगळे समजावून सांगा. मग त्यांना काय ठरवायचे ते ठरवू द्या." तपासणीत काय निघाले ते येथे लिहिणे माझ्या पेशाला शोभणारे नाही. त्या वडिलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. काही दोनदोनदा विचारले. त्या दिवशीही कोठल्या तरी निवडणुकीची धामधूम चालू होती, असे अंधुक आठवते. कोण जिंकले, ते मात्र आता सांगता येत नाही.