शिकारी कोणाला म्हणायचं?

१७५८ साली वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने शिकारी पक्ष्यांचा गण बांधला तेव्हा गिधाडं, ससाणे, घुबडं यांच्या पंगतीत त्याने खाटकालाही बसवलं. पकडलेले किडे-सरडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवणारा हा छोटा पक्षी. आपल्याकडे त्याचं नावच त्या उद्योगावरून पडलं. पुढे तो गाणाऱ्या पक्ष्यांत गेला. मग २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून कळलं, की ससाण्यांची जवळची भावकी घार-गरुडांशी नाही; ती पोपटांशी आणि गाणाऱ्या पक्ष्यांशी आहे. म्हणजे पंगतीतून उठवलेला खाटीक घारीपेक्षा ससाण्याला जवळचा निघाला!

अखेर २०१९ मध्ये संशोधकांनी वंशाचा धागा धरून व्याख्या सुचवली. ज्या गणाचा पूर्वज शिकारी होता आणि ज्यातल्या बहुतेक जाती आजही शिकार करतात, तो गण शिकारी. चोच-नख्यांची परीक्षा एकेका जातीला द्यावी लागत नाही. शिकार न करणारं गिधाड त्यामुळे या कुळातच राहिलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. कारण जगभरच्या आढाव्यात कोणाची मोजदाद होणार, ते या यादीवर ठरतं. २०१८ च्या आढाव्यात ५५७ जाती होत्या. त्यांतल्या ५२ टक्के जातींची संख्या घटत होती.

गिधाडांइतकी पडझड क्वचितच कोणाची झाली असेल. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. आधी रोगाचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासाने खरं कारण दाखवलं, ते म्हणजे जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. एका मढ्यावर डझनांनी उतरण्याची त्यांची रीत. शंभरात एखादं मढं विषारी असलं तरी थव्यांचा निकाल लागायला पुरे होतं.

२००६ मध्ये भारताने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या. त्या बाटल्या ३ मिलीपुरत्या मर्यादित व्हायला २०१५ उजाडलं. नऊ वर्षं! मेलॉक्सिकॅमसारखं सुरक्षित औषध हाताशी असताना झालेला हा उशीर मला आजही अक्षम्य वाटतो. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक जनावरांसाठी बंद झाली २०२३ मध्ये.

ही पडझड लवकर भरून येणारी नाही. या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, आणि त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः घरटं बांधण्याजोगं व्हायला पाचेक वर्षं जातात.