सदाफुलीचा पाला आणि कॅन्सरची गाठ



ऊसनोंदीच्या दिवसांत दिग्रस भागातील एका सभासद बांधवाने गट कार्यालयात सर्वांचे काम आटोपल्यावर हळूच विचारले, "आमच्या मंडळीच्या छातीत गाठ निघाली. गावातले म्हणतात, सदाफुलीत कॅन्सरचं औषध असते. मी रोज सकाळी पाला वाटून देऊन राह्यलो. चालते ना साहेब?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. म्हणून उत्तर येथे सर्वांसाठी देत आहोत.

गावकरी म्हणतात त्यात निम्मे खरे आहे. सदाफुलीत औषध आहेच. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर हे शास्त्रज्ञ मधुमेहावर उपाय म्हणून हा पाला तपासत होते. रक्तातील साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातील उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून १९५८ साली 'व्हिनब्लास्टिन' हाती आले व पुढे त्याचेच भावंड 'व्हिनक्रिस्टिन'. रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरतात.

परंतु पाल्यात औषध असणे वेगळे आणि ते गाठीपर्यंत पोचणे वेगळे. उसात साखर असते म्हणून मोळी घरी आणून टाकली तर डबा भरत नाही. गव्हाण, रस, निवळणे, पाक, दाणा एवढे सगळे झाल्यावर शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो साखर निघते. सदाफुलीचा उतारा किती? एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला सुमारे पाचशे किलो वाळलेला पाला लागतो!

आपल्या महाराष्ट्राचाच एक सुपुत्र या कामात होता. नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत संशोधन करीत. 'यू' नावाच्या झाडाच्या बारा किलो सालीतून त्यांना जेमतेम अर्धा ग्रॅम 'टॅक्सॉल' मिळाले, म्हणजे उतारा ०.००४ टक्के. त्याची रचना त्यांनी १९७१ साली जाहीर केली. औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळायला १९९२ साल उजाडले. आज स्तनाच्या कॅन्सरवरही ते देतात.

आता हे औषध शरीरात कसे जाते ते पाहू. टॅक्सॉल तोंडाने घेतले तर आतड्याच्या पेशीच ते बाहेर फेकतात. थोडेफार आत गेले तर यकृत त्याची मोडतोड करते. म्हणून ही औषधे शिरेतून देतात. रक्तावाटे ती गाठीत पोचतात आणि पेशीचे पातळ आवरण ओलांडून आत शिरतात. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्यांसारख्या नळ्या तयार होतात आणि त्या पेशीतला ऐवज दोन बाजूंना ओढतात. सदाफुलीचे औषध त्या नळ्या बनूच देत नाही. टॅक्सॉल उलट त्यांना ताठ करून ठेवते, सुटू देत नाही. हे सुसान हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवले. दोन्हीकडून पेशीची वाढ खुंटते व ती मरते.

पण कॅन्सरची पेशीही गप्प बसत नाही. तिच्या आवरणावर पंप असतात. हे पंप १९७६ साली कॅनडात सापडले. विहिरीत झऱ्याने पाणी यावे आणि मोटरीने ते उपसून टाकावे, तसे आत आलेले औषध हे पंप बाहेर टाकतात. मात्रा अपुरी पडली की दुबळ्या पेशी मरतात, पंपवाल्या चिवट पेशी उरतात व त्याच वाढतात. कपाशीवर पातळ फवारा मारला तर कोणती बोंडअळी उरते, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून मिलिग्रॅमने मोजलेली मात्रा, ठरलेल्या दिवशी, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. वाटीभर पाल्यात औषध किती आणि विष किती, हे कोणी सांगू शकत नाही. सदाफुली विषारी आहे, हे ध्यानात ठेवावे. हळदीचेही तसेच. काचेच्या बशीतील कॅन्सरपेशींवर तिचा अर्क परिणाम करतो, पण खाल्लेल्या हळदीतून रक्तात फारच थोडा उतरतो. उरलेल्याचे रूप आतडे व यकृत बदलून टाकतात. भाजीत हळद जरूर घालावी, तिला उपचार समजू नये.

उपचार चालू असताना कोणताही काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काही काढ्यांमुळे यकृताचे काम बदलते आणि औषधाची मात्रा कमी-जास्त होते.

त्या बांधवाला आम्ही हेच सांगितले : पाला आजच बंद करा आणि यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात गाठ तपासून घ्या. पुढे नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, शिधापत्रिका सोबत ठेवा.

तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटते. गाठ पडून राहिली की वाढते. कोणाच्या घरी अशी गाठ असेल तर लाजू नका, भगिनींनी तर मुळीच नाही. या हंगामातील पहिली फेरी दवाखान्याची करा.