मोटारीच्या रंगावरील ओरखडे

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागांत रस्त्याकडेच्या मोटारींवर रोज धूळ बसते, आणि पुष्कळदां सकाळीं एकाच ओल्या फडक्यानें ती पुसली जाते. फडक्यांतले कण रंगावर घासले जातात. उन्हांत चमकणारीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं वर्तुळें ही या स्वच्छतेचीच खूण होय!

हे ओरखडे बहुधा रंगावरील पारदर्शक लेपांत असतात. आजच्या गाड्यांत तो सुमारें ४० ते ५० मायक्रॉन, केसाहूनहि पातळ. पॉलिश ओरखडा भरीत नाहीं. भोवतालचा लेप झिजवून सपाटी साधतें, आणि झिजलेला लेप परत येत नाहीं. म्हणून नख अडकेल असा खोल ओरखडा सोडूनच द्यावा. गाडी आधीं भरपूर पाण्यानें धुवावी; मग सावलींत, थंड पत्र्यावर, वीतभर जागेंत मऊ फडक्यानें हलकेंच पॉलिश चोळावें. कडांवर लेप विरळ असतो. तेथें हात आवरावा.