पृथ्वीला नाटक बघायचंय? मग आधी हे वाचा

रविवारी मित्रमंडळींसोबत जुहूच्या पृथ्वी थिएटरला जायचा बेत असेल, तर पहिली सूचना: वेळेवर पोहोचा! तिसरी घंटा झाली की दार बंद. मग तुम्ही कितीही ओळखीचे असा, आत सोडत नाहीत. (हा नियम सगळीकडे हवा, असं माझं ठाम मत.)

पार्ल्याला पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'जानकी कुटीर' सांगा. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो, म्हणून सगळे आधीच रांग धरतात. जेमतेम दोनशे प्रेक्षक बसतात, तेही रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना. पहिल्या रांगेत बसलात तर नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि कुजबुजलेलं वाक्यही माइकशिवाय ऐकू येतं.

शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर यांनी 1978 साली हे थिएटर सुरू केलं, नाव पृथ्वीराज कपूर यांच्या नाटक कंपनीचं. पडदा उघडला तो आपल्या गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगाने. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी त्यात होते.

प्रयोगानंतर आवारातल्या कॅफेत चहा घ्या. जागा मिळाली तर!