गावातली पत सुरतेत का पोहोचत नाही?

लेखमाला : घर सोडल्यावर – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण स्थलांतरितांच्या पत्त्याच्या कागदांचा विचार केला. पत्ता मिळाला, खाते उघडले, तरी एक अडचण उरते आणि ती बहुतेकांना पहिले कर्ज मागायला गेल्यावरच कळते. जळगाव-धुळ्याकडून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेला जाणे खानदेशाला नवे नाही. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अहिराणी सहज कानावर पडते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारी मतदारसंघातून वारंवार खासदार झाले, त्यामागेही या वस्तीचे बळ आहे. तरीही यंत्रमागावर किंवा डाइंग मिलमध्ये राबणारा, गावी वीस वर्षे कोणाचा पैसा न बुडवलेला माणूस दुचाकीच्या कर्जासाठी अर्ज करतो, तेव्हा बँकेच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे ‘उणे एक’ असा आकडा येऊ शकतो. त्याचा अर्थ माणूस बुडवा आहे असा नाही. त्याच्या परतफेडीची नोंद कुठेच सापडत नाही, एवढाच आहे. माझे म्हणणे असे की हा दोष माणसाच्या व्यवहाराचा नसून तो व्यवहार ज्या वह्यांत झाला त्या वह्यांचा आहे. म्हणून गाव सोडणाऱ्याने, गरज उभी राहण्याआधीच, सगळीकडे वाचता येईल अशी एक नोंद जाणीवपूर्वक सुरू केली पाहिजे.

ही नोंद ठेवते कोण? २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याखाली देशात अशा चार कंपन्या काम करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोकांच्या तोंडी चौघींचे मिळून एकच नाव बसले आहे, ‘सिबिल’. तिचा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, आणि अहवालात मागच्या ३६ महिन्यांत कोणता हप्ता किती दिवस उशिरा भरला ते महिनावार दिसते. या कंपन्यांना माहिती देतात त्या बँका, सहकारी बँका, बँकेतर वित्त कंपन्या, गृहकर्ज कंपन्या आणि क्रेडिट कार्डवाले. आता खानदेशातला माणूस आजवर कोणाकडून पैसे घेत आला, ते पाहा. किराणा दुकानदाराची सुगीपर्यंतची उधारी, भाऊबंदांकडचे हातउसने, भिशी, मुकादमाची उचल, सराफाकडे ठेवलेले डाग, पतसंस्थेचे दोन जामीनदारांवर मिळालेले कर्ज, विविध कार्यकारी सोसायटीचे पीक कर्ज. यातली पहिली पाच कोणत्याच अधिकृत नोंदीत नाहीत. पतसंस्था आणि गावची सोसायटी या नोंदणीकृत संस्था खऱ्या, पण कायद्याने ज्यांना माहिती देणे बंधनकारक केले त्या यादीत त्या येत नाहीत. जळगाव जिल्ह्यात तर पतसंस्था गल्लोगल्ली होत्या, आणि त्यांतल्या किती बुडाल्या हे ठेवीदार विसरलेले नाहीत. भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमावा लागला. अशा वेळी चर्चा ठेवीदारांची होते आणि ती व्हायलाच हवी. पण ज्या कर्जदारांनी प्रामाणिकपणे हप्ते भरले, त्यांचा चांगुलपणाही त्याच दप्तरांत बंद झाला, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

गावात याने फारसे अडत नव्हते, कारण तिथे नोंद माणसांच्या स्मरणात होती. कोणाचा बाप कसा वागला, कोणाची विहीर कधी आटली, यंदा कापूस किती निघाला, हे देणाऱ्याला ठाऊक असे. सुरतेतल्या बँक अधिकाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते आणि ते त्याने ठाऊक करून घ्यावे अशी अपेक्षाही रास्त नाही. परदेशी जाणाऱ्यांचेही हेच होते. जळगावचा अभियंता इथला ८०० चा गुणांक घेऊन अमेरिकेत उतरला, तरी तिथल्या नोंदीत तो सहसा कोराच असतो आणि ठेवीवर मिळणाऱ्या छोट्या कार्डापासून त्याला सुरुवात करावी लागते. फरक एवढाच की त्याच्याकडे पगारपत्रक असते. मागावरच्या कामगाराच्या हाती बहुधा रोख मजुरी पडते.

यावर पहिला आक्षेप आपल्या घरांतूनच येतो : अंथरूण पाहून पाय पसरावेत, नसते कर्ज काढायचेच कशाला? या सांगण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण कर्ज न काढणे आणि कर्जाची वेळ कधीच न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखाना, खोलीची अनामत, मुलीचे शिक्षण यांपैकी काहीतरी येतेच. त्या दिवशी नोंद नसलेल्या माणसापुढे शेकडा पाचाचा खासगी सावकार उभा असतो, म्हणजे वर्षाला साठ टक्के. नोंद सुरू करायला मोठे कर्ज लागत नाही. दहा-पंधरा हजारांच्या मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड, त्यावर महिन्याला हजार-पाचशेचा किराणा आणि देय तारखेआधी पूर्ण भरणा एवढ्याने काम होते. ‘किमान रक्कम’ भरून थांबायचे नाही, कारण उरलेल्या रकमेवर जबर व्याज चढते. घरातले सोने गहाण ठेवायचेच असेल तर ते बँकेत ठेवावे. व्याज सावकारापेक्षा पुष्कळ कमी पडते आणि फेडीची नोंदही होते. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेची रचना याच तत्त्वावर आहे. पहिले दहा हजारांचे कर्ज वेळेत फेडले की वीस, ते फेडले की पन्नास. अलीकडे पहिल्या दोन टप्प्यांच्या रकमा वाढवून पंधरा आणि पंचवीस हजार केल्या आहेत. हातगाडीवर भाजी विकणाऱ्याकडे तारण नसते, पण आधीच्या हप्त्याची नोंदच पुढच्या कर्जाला आधार होते, हे सरकारने इथे मान्य केले आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितले आहे आणि केंद्र सरकारने संसदेतही ते स्पष्ट केले. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती नको, अशी तंबी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी बँकांना दिली. मग ही खटपट कशासाठी? नियम चांगला आहे आणि नकार देणाऱ्या शाखेत तो जरूर दाखवावा. पण तो नकाराचे एक कारण काढून घेतो, होकाराला कारण पुरवत नाही. इतिहास नसेल तर बँक उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, वीजबिल मागणार. रोख मजुरीवर, तोंडी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे नेमके हेच नसते.

तिसरा आक्षेप मात्र मला बराचसा मान्य आहे. ही पद्धत दरमहा पगार मिळणाऱ्याला समोर ठेवून केलेली आहे. सुरतेत मंदी आली की पाळ्या कमी होतात, दिवाळीत कारखाने बंद राहतात, पेरणीला माणूस गावी परततो. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच येतो. कर्ज देणाऱ्यांनी हंगाम पाहून हप्ते बांधून द्यावेत, ही मागणी न्याय्य आहे. ती मान्य होईपर्यंत दोन हप्त्यांची रक्कम खात्यात बाजूला असल्याशिवाय कर्ज घेऊ नये. यापेक्षा सोपा उपाय मला दिसत नाही.

बायकांबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. सूक्ष्मवित्त कंपन्यांची गटकर्जे घरातल्या बाईच्या नावावर असतात आणि त्यांची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते. त्यामुळे अनेक घरांत नवऱ्याची पाटी कोरी असते आणि बायकोची नोंद चार वर्षांची असते. घरासाठी कर्ज घेताना तिला सहअर्जदार करणे व्यवहाराने शहाणपणाचे आहे, आणि घराच्या कागदावर तिचे नाव लागावे यासाठीही. याची दुसरी बाजूही आहे. गटातल्या कोणासाठी किंवा दिरासाठी तिने आपल्या नावावर पैसे उचलून दिले, तर थकल्यावर डाग तिच्याच नोंदीवर पडतो.

नोंदीत चुकाही होतात. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नाव आधी, मोबाइल क्रमांक बदललेला, जन्मतारखेत फरक, अशा घोळातून दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर बसू शकते. चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चूक आढळल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. सुरतेत किंवा पुण्यात गेलेल्यांनी सिमकार्ड बदलले की बँकेत नवा क्रमांक आधी नोंदवावा, कारण हप्त्याची आठवण आणि अहवाल कोणी पाहिला याची सूचना त्यावरच येते.

मात्र सगळा भार कामगारावर टाकून चालणार नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या ज्या पतसंस्था आज नीट चालल्या आहेत, त्यांच्या कर्जदारांची परतफेड अधिकृत नोंदीत यावी यासाठी सहकार खात्याने आणि रिझर्व्ह बँकेने वाट काढली पाहिजे. तोवर निदान गाव सोडणाऱ्या सभासदाला त्याच्या कर्जखात्याचा शिक्क्यानिशी पूर्ण उतारा द्यावा. बँकेला तो बंधनकारक नसेल, पण कोऱ्या पाटीपेक्षा तो बरा. वाचकांपैकी कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असतील, तर येत्या बैठकीत त्यांनी हा विषय मांडावा.

(पुढील लेखांक : जामीनदाराची सही आणि तिची जबाबदारी)