व्हॉल्व्हला दोष देण्यापूर्वी
उच्चशक्ती रेडिओ-वारंवारता यंत्रांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे नाव विजेच्या इतिहासात १९१५ पासून आहे. घाटमाथ्यावरील लोणावळा-वळवण परिसरातील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटांच्या जलविद्युत केंद्राने त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यास प्रारंभ केला. पुढे याच पट्ट्यात पोलादाचे कारखाने आले आणि त्यांत झेनिथसारखे, पोलादी पट्टीपासून नळ बनवणारे कारखानेही आले. नळाची लांबच लांब शिवण विजेने जोडणाऱ्या या पद्धतीला कारखान्यात ईआरडब्ल्यू म्हणतात आणि जगभरच्या अशा गिरण्यांत ती शिवण कित्येक दशके मोठ्या निर्वात व्हॉल्व्हच्या जोरावर जोडली गेली. हा व्हॉल्व्ह आणि हौशी रेडिओचालकाच्या टेबलावरील प्रवर्धकातला व्हॉल्व्ह एकाच कुळातले आहेत: तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, ग्रिड नावाची जाळी त्यांचा ओघ कमीजास्त करते, उच्च दाबाची प्लेट ते गोळा करते, आणि प्लेटला जोडलेले कॉइल व संधारित्र यांचे मंडल, ज्याला टँक म्हणतात, त्या ओघातून रेडिओ-वारंवारतेची शक्ती बाहेर देते. फरक इतकाच की गिरणीतला व्हॉल्व्ह स्वतःच दोलने निर्माण करतो, तर प्रवर्धकातला बाहेरून आलेला क्षीण संकेत वाढवतो. दोन्हीकडे रूढ असलेल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ एकच आहे. बिघाड व्हॉल्व्हमध्ये दिसतो, म्हणून तो व्हॉल्व्हचाच असावा असे मानले जाते. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह हा बहुधा शेजाऱ्यांच्या चुका सोसणारा घटक असतो.

व्हॉल्व्ह इतिहासजमा झाले, हा समज तर स्वयंपाकघरातच खोटा ठरतो, कारण मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये २४५० मेगाहर्ट्झची शक्ती निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन हा निर्वात व्हॉल्व्हच आहे. नळगिरण्यांत अर्धवाहक यंत्रे आली ती विजेची बचत अधिक होते म्हणून, आणि तो लाभ खरा आहे; परंतु क्षणभराचा अतिभार व्हॉल्व्ह जसा पचवतो तसा मिलिमीटरभर जाडीचा सिलिकॉनचा तुकडा पचवू शकत नाही, ही बाजूही नोंदवली पाहिजे.

नळाची शिवण ठिणगीने किंवा कांडी वितळवून जोडली जाते, अशी बाहेरच्या माणसाची कल्पना असते. वास्तविक तेथे ठिणगी अपेक्षित नसते आणि भरणधातूही नसतो. रोलरमधून जाणारी पट्टी गोल वळत जाते, तिच्या दोन कडा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात एकमेकींजवळ येतात आणि २०० ते ५०० किलोहर्ट्झचा प्रवाह एका कडेने पुढे जाऊन दुसऱ्या कडेने परततो. इतक्या वारंवारतेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो, तापलेल्या पोलादात ४०० किलोहर्ट्झला साधारण ०.८ मिलिमीटर खोलीपर्यंतच. शिवाय विरुद्ध दिशेने वाहणारे दोन प्रवाह एकमेकांकडे ओढले जाऊन समोरासमोरच्या कडांवरच एकवटतात. म्हणून फक्त कडा वितळण्याच्या बेतास येतात आणि पुढचे दाबरोलर त्यांना एकजीव करतात. प्रवाहाने नळाच्या आतल्या बाजूने फिरून वाया जाऊ नये यासाठी नळाच्या पोटात फेराइटचा दांडा ठेवलेला असतो. त्याला इम्पीडर म्हणतात आणि त्यावरून सतत पाणी खेळवावे लागते. फेराइट दोनशे-तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापले की त्याचे चुंबकीय गुण नाहीसे होतात. मग शिवण थंड पडते, चालक शक्ती वाढवतो, व्हॉल्व्हवरील भार बिघडतो, प्लेट प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी व्हॉल्व्ह जातो. नवा, महागडा व्हॉल्व्ह बसवूनही तोच प्रकार पुन्हा घडतो तेव्हा पुरवठादाराच्या मालाविषयी शंका घेतली जाते. दोष मात्र त्या मानाने किरकोळ किमतीच्या फेराइटच्या दांड्यात, किंवा त्याला पाणी नेणाऱ्या तुंबलेल्या नळीत असतो. व्हॉल्व्हच्या बिघाडाचा शोध यंत्राच्या कपाटाबाहेर, जेथे शक्ती वापरली जाते तेथून सुरू करावा, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्लेट तांबडी झाली म्हणजे व्हॉल्व्ह संपत आला, हाही सरसकट खरा नसलेला समज. हौशी प्रवर्धकांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ३-५००झेड या काचेच्या व्हॉल्व्हची प्लेट ५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकते आणि पूर्ण भारावर तिचा मंद तांबडा रंग अपेक्षितच असतो. काही व्हॉल्व्हमध्ये उरलेसुरले वायू शोषून घेणारा थर प्लेटवरच असतो आणि तो तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे असा व्हॉल्व्ह सदैव थंड ठेवणे हे त्याला जपणे नव्हे. चिंता करावी ती तांबडेपणा नारिंगी-पिवळ्याकडे झुकला, किंवा संकेत नसतानाही टिकून राहिला, तर. काचेच्या आतल्या पृष्ठभागावर दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते, कारण ती भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याने उमटते. इलेक्ट्रोडांच्या मधल्या पोकळीत जांभळट प्रकाश पसरला तर मात्र आत वायू शिरला आहे. सिरॅमिकच्या व्हॉल्व्हमध्ये यांपैकी काहीच दिसत नाही, म्हणून तेथे मीटर आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान एवढाच आधार.

फिलामेंटला थोडा जास्त दाब दिला तर व्हॉल्व्ह जोमाने चालतो, हा समज सर्वांत खर्चिक आहे. थोरियमयुक्त टंगस्टनच्या फिलामेंटला ठरलेल्या दाबापेक्षा ३ टक्के अधिक दाब दिला तर इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन सुमारे २० टक्क्यांनी वाढते, पण त्याच्या पृष्ठभागातील कार्बन झपाट्याने झिजून आयुष्य निम्मे होते, असा उत्पादकांचा हिशेब आहे. गावाकडे दिवसा आणि रात्री विजेच्या दाबात पडणारा फरक ३ टक्क्यांहून सहज मोठा असतो. संध्याकाळी पडलेल्या दाबावर जुळवलेले फिलामेंट मध्यरात्रीनंतर, शेजारचे पंप आणि गिरण्या बंद झाल्यावर, आपोआप जळत राहते. दाब मोजायचा तो ट्रान्सफॉर्मरवर नव्हे, तर व्हॉल्व्हच्या पायांवर, कारण ३-५००झेड ५ व्होल्टला साडेचौदा अँपियर ओढतो आणि सॉकेटचा एक ढिला संपर्कही एवढ्या प्रवाहाला अर्धा व्होल्ट खातो. उत्सर्जन घटून प्रवर्धक अशक्त वाटतो आणि निर्णय मात्र व्हॉल्व्ह थकला असा दिला जातो. ऑक्साइडचा लेप असलेल्या कॅथोडचे गणित निराळे आहे. तेथे अपुरा दाबही घातक असतो आणि ८८७७ सारख्या व्हॉल्व्हला प्लेटचा प्रवाह सुरू करण्यापूर्वी किमान तीन मिनिटे तापू द्यावे लागते.

मोठा आवाज होऊन फ्यूज उडाला की त्याचे खापर परजीवी दोलनांवर फोडण्याची प्रथा आहे. परजीवी दोलने म्हणजे प्लेटची छोटी तार आणि व्हॉल्व्हची अंगभूत धारिता यांच्या योगाने, प्रवर्धकाच्या कामाच्या वारंवारतेहून कितीतरी वर, बहुधा शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, स्वतःहून उपजणारी दोलने. ती खरी आहेत आणि त्यांना शमवण्यासाठी प्लेटच्या वाटेत छोटी कॉइल व तिला समांतर रोधक बसवतात. परंतु कित्येक वर्षे कपाटात पडून असलेल्या व्हॉल्व्हमध्ये साचलेल्या अत्यल्प वायूमुळे आतल्या आत पडणारी ठिणगी हे अशा स्फोटांचे कितीतरी साधे कारण असते. तिच्यावरचा उपायही साधा आहे: उच्च दाबाच्या तारेत दहा ते पन्नास ओहमचा, तारेचा वेटोळा असलेला रोधक घातला की ठिणगी पडली तरी प्रवाह मर्यादेत राहतो आणि ग्रिड वाचते.

जुळवणीबाबतचा रूढ नियम असा की प्लेटचा प्रवाह किमान होईपर्यंत टँकचा संधारित्र फिरवावा. किमान प्रवाह टँक अनुनादात आल्याचे सांगतो. व्हॉल्व्हला योग्य भार मिळाला की नाही, हे तो सांगत नाही. २००० व्होल्ट आणि २०० मिलिअँपियरवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला सुमारे ६००० ओहमचा भार हवा असतो आणि तो अँटेनाच्या ५० ओहमवरून पाय-जालाने, म्हणजे दोन संधारित्र आणि मधली कॉइल यांच्या मंडलाने, घडवावा लागतो. भार अपुरा जोडलेला असताना प्रवाहाची खोच खोल आणि सुबक दिसते, पण ग्रिडचा प्रवाह चढतो. म्हणून ग्रिडच्या मीटरकडे पाहत, प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती कमाल होईपर्यंत दोन्ही संधारित्र आळीपाळीने जुळवणे हीच खरी रीत. अधिक शक्तीचा मोहही येथेच तपासून घ्यावा. भारतातील हौशी रेडिओच्या १९७८ च्या नियमांनी चालकाच्या सर्वोच्च श्रेणीलाही ४०० वॅटची मर्यादा घातली होती, आणि शंभरावरून चारशे वॅटवर जाण्याने दूरच्या ग्राहकयंत्रात संकेताचे बळ दाखवणाऱ्या एस-मीटरवर काटा जेमतेम एक घर सरकतो.

कर्जत-खालापूरच्या हवामानाचा विचार पुस्तकांतून आढळत नाही. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पायथ्याची गावेही चार महिने ओलीच असतात. उन्हाळ्यात निर्दोष चालणारे यंत्र आषाढात कडाडू लागते ते व्हॉल्व्ह बिघडल्यामुळे नव्हे. पृथक्कारकांवर बसलेली धूळ ओलावा धरते आणि तिच्यावरून वीज सरपटत जाते. हजारो व्होल्टच्या भागांवरची धूळ पावसाळ्यापूर्वी पुसणे हा नव्या व्हॉल्व्हहून स्वस्त उपाय आहे. माथेरानच्या सुमारे आठशे मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ असल्यामुळे पंख्याने तेवढी अधिक हवा ढकलावी लागते, हे गणितात धरले जात नाही. (गावात मोटारींना बंदी असल्याने पंचवीस किलोचा ट्रान्सफॉर्मर वर चढवणाऱ्यास अधिक शक्तीच्या मोहाचे वजन आधीच कळते.) कारखान्यातील पाण्याने थंड होणाऱ्या व्हॉल्व्हना नदीचे गाळलेले पाणी चालते, हा समजही तपासण्यासारखा आहे: प्लेट दहा हजार व्होल्टच्या वर असते, क्षारयुक्त पाण्यातून वीज झिरपते आणि धातूच्या जोडांचे विद्युत-विघटन होते, म्हणून तेथे क्षार काढलेले पाणीच लागते.

उरतो तो जिवाशी गाठ घालणारा गैरसमज, की यंत्र बंद केले म्हणजे ते सुरक्षित झाले. बोरघाटातील रेल्वे १९२९ नंतर कित्येक दशके १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालली आणि त्या तारेला हात लावण्याची कल्पनाही कोणी केली नसती; टेबलावरच्या पेटीतले २००० व्होल्ट मात्र घरगुती वाटतात. सहा संधारित्रांच्या साखळीची एकूण धारिता ४० मायक्रोफॅरड असेल तर २००० व्होल्टला तीत ८० ज्यूल ऊर्जा साठते, आणि छातीतून गेली तर ती प्राणघातक ठरू शकते. प्रत्येक संधारित्राला समांतर असलेले रोधक हा साठा हळूहळू उतरवतात. परंतु त्यांतील एक जरी तुटला तरी त्याच्या वाट्याचा संधारित्र कित्येक तास भारितच राहतो. अँटेनाच्या टोकाला जमिनीशी जोडलेला चोक अनावश्यक म्हणून काढून टाकणारेही आढळतात. प्लेटचा दाब अडवणारा संधारित्र फुटला तर ते २००० व्होल्ट अँटेनाच्या तारेवर न चढता या चोकमधून जमिनीत जावेत आणि फ्यूज उडावा, एवढ्याचसाठी तो असतो. रेडिओ-वारंवारतेचा धक्का बसत नाही म्हणून ती निरुपद्रवी, हे अर्धसत्य आहे: झटका जाणवत नाही, पण कातडीखाली खोल भाजते.

भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर वापरून स्वस्तात पुरवठा उभारावा, असा सल्ला नेहमी दिला जातो. त्याच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक गाभ्याशीच जोडलेले असते, त्यामुळे पूल-दिष्टकारी त्याला थेट जोडता येत नाही, आणि काही मिनिटेच चालण्याच्या हिशेबाने काटकसरीत बनवलेला गाभा भार नसतानाही तापतो. पुरवठा कोणत्याही ट्रान्सफॉर्मरचा असो, यंत्र उघडताना वीजवाहिनीवर काम करणारे कामगार वापरतात तसा, पृथक् मूठ असलेला आणि जमिनीशी जोडलेला डिस्चार्ज रॉड आधी रोधकामार्फत आणि मग थेट उच्च दाबाच्या टोकाला लावायचा, आणि दुरुस्ती संपेपर्यंत तो तसाच अडकवून ठेवायचा; कारण एकदा पूर्ण उतरवलेल्या संधारित्रातही, त्याच्या पृथक्कारक थरात मुरलेल्या भारामुळे, थोड्या वेळाने दाब पुन्हा डोके वर काढतो.